मामांची दुनळी आणि 'जमा करणं' या शब्दाचा घोळ

मामा गेले, तेरवी आटोपली आणि मामीनं लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "ते आधी काढ बाप्पा घरातून. वाटण्या-बिटण्या मग पाहू."

ते म्हणजे मामांची बारा बोअरची दुनळी बंदूक. काटोलच्या त्या घरात ती माझ्या लहानपणापासून होती, पण इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, चापाच्या कडीला सुतळीनं बांधलेली परवान्याची प्लास्टिकची पिशवी आणि दस्त्यावर दरवर्षीच्या दसऱ्याच्या कुंकवाचे थर, नखानं खरवडूनही निघेनात इतके मुरलेले. शेजारी बिस्किटाच्या डब्यात अकरा काडतुसं. सात प्लास्टिकची, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान'. उरलेली चार कागदी, ओल धरून फुगलेली.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची, पावती घ्यायची, विषय संपला. एक मित्र नेमबाजी करतो, त्याला सहज फोन केला तर तो ओरडलाच. "मालखान्यात टाकतो? वेडा झाला का बे?"

पुढच्या महिनाभरात नागपूर आणि आसपासच्या पाच-सहा परवानाधारकांशी बोललो. नको असलेली बंदूक देऊन टाकायची म्हटलं की जवळजवळ सगळेच चिडतात, पण प्रत्येकाच्या रागाचं कारण वेगळं निघतं. त्यांचं म्हणणं कळायला आधी थोडा कायदा कळावा लागतो.

बंदूक वारसाला मिळते, परवाना मिळत नाही. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. वडिलांची गाडी मुलाच्या नावावर होऊ शकते, पण वडिलांच्या लायसनवर मुलाला ती चालवता येत नाही, तसंच हे. फरक एवढाच की गाडी निदान अंगणात झाकून ठेवता येते. बंदूक तशी नुसती ठेवणं हासुद्धा गुन्हा. परवाना त्या माणसाचा असतो, माणूस गेला की तो कागद संपला. म्हणजे तेरवीच्या दिवशी मामीच्या कपाटात जे होतं ते कायद्याच्या नजरेत विनापरवाना हत्यार होतं, आणि मामीला याचा पत्ताच नव्हता.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ या प्रसंगासाठीच आहे. परवाना संपला, रद्द झाला किंवा धारक वारला, तर हत्यार आणि काडतुसं विनाकारण उशीर न लावता जमा करायची. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे. सैन्यात असलेल्यांना त्यांच्या युनिटचं शस्त्रागारही चालतं. आणि पुढचा भाग लोकांना माहीतच नसतो. जमा केल्यावर वस्तू तुमचीच राहते. ठरलेल्या मुदतीत वारसानं स्वतःचा परवाना काढला तर ती परत मिळते, नाहीतर परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाला विकता येते. यातलं काहीच केलं नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं ती सरकारजमा होते.

थोडक्यात, आपण 'जमा' हा शब्द 'देऊन टाकली' अशा अर्थानं वापरतो आणि कायदा 'ठेवायला दिली' अशा अर्थानं. माझा मित्र ओरडला तो याच फरकामुळे. लोक ठाण्यात देतात, सुटलो म्हणतात आणि पुन्हा फिरकतही नाहीत. तिकडे ठाण्याच्या मालखान्यात नळीला चिठ्ठी बांधलेली बंदूक मुद्देमालाच्या ढिगात उभी असते, दोन-तीन पावसाळे खाते आणि पुढे विकायची म्हटली तरी विकण्यासारखी राहत नाही.

मित्र मग स्वतः काटोलला आला. आल्या आल्या त्यानं पहिला प्रश्न विचारला, भरलेली आहे का? कुणालाच माहीत नव्हतं. मामी म्हणाली, मामा गेल्या चार-पाच वर्षांत तिला हातच लावत नव्हते. त्यानं सगळ्यांना मागं केलं, नळी भिंतीकडे धरली, चापापासून बोट लांब ठेवून वरची कळ अंगठ्यानं सरकवली आणि बंदूक मधून मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली. काडतुसांची दोन्ही घरं रिकामी होती. एका नळीच्या तोंडाशी मात्र कुंभारीण माशीनं मातीचं घर करून ठेवलं होतं. कुणी उत्साहानं बार काढायला गेलं असतं तर नळी फुटली असती.

मग त्यानं नळ्या उतरवल्या आणि खालच्या सपाट अंगावर बॅटरी मारली. लंबगोलात ई, एल, जी ही तीन अक्षरं, त्यावर मुकुट. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या तपासणीची ती खूण आहे, म्हणाला. तिथल्या बंदुका इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात भरपूर आल्या. इंग्लिश बंदूक न परवडणाऱ्या मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, घ्यायची ती हीच. मामांचे वडील छोटे मालगुजार होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गेली, आणि दुनळी दसऱ्यापुरती राहिली. विदर्भातल्या कितीतरी जुन्या वाड्यांमध्ये बंदुकांची गोष्ट इथेच येऊन थांबते.

नेमबाजांचा आणि हौशी लोकांचा राग यातून येतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करणं जवळपास बंद झालं. त्यामुळे देशात ज्या जुन्या वेब्ली-स्कॉट, ग्रीनर किंवा बेल्जियन दुनळ्या आहेत, तेवढ्याच आहेत. एक मोडीत गेली की एक कमी. त्यांना ते जुना तंबोरा फोडून चुलीत घालण्यासारखं वाटतं. मला हा राग समजतो. पण याच मंडळींपैकी एकानं मला जो सल्ला दिला तो धोक्याचा होता. "राहू दे ना कपाटात, गिऱ्हाईक मी शोधतो, सहा महिन्यांत." म्हणजे सहा महिने मामीनं विनापरवाना हत्याराची राखण करायची! बंदुकीवर जीव असणारा माणूस बंदुकीचं भलं सांगतो, घरच्या माणसांचं सांगेलच असं नाही.

कामठीजवळ राहणारे एक निवृत्त सुभेदार मात्र अगदी उलट बोलले. ज्या घरात मोडून पाहायचं कसं हे एकालाही येत नाही, त्या घरात बंदूक एक रात्रही राहू नये, असं त्यांचं म्हणणं. जुनी-नवी, बेल्जियम-फेल्जियम त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "पोरं असतात घरात. माणसं रागात असतात, दारूत असतात, कधी नुसती उदास असतात. हत्यार वाट पाहत बसतं जी." मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यात उदासीचा विषय काढणारे ते एकटेच.

उमरेडकडच्या शेतकऱ्याचं दुखणं तिसरंच. त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी आहे. रानडुकरं हरभरा रात्रीत आडवा करतात. बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येतं असं नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. त्यामुळे ती मुख्यतः आवाज काढायच्या कामाची. तीही आता त्यांना नकोच झाली आहे. २०२४ मध्ये लोकसभा झाली एप्रिलला, विधानसभा नोव्हेंबरला; दोन्ही वेळा हत्यार ठाण्यात नेऊन द्या, मतदान झालं की परत आणा. (सगळ्यांनाच जमा करावं लागतं असं नाही, छाननी समिती ठरवते. यांचं नाव दोन्ही वेळा यादीत होतं.) मग देऊन का टाकत नाही? "लायसन जाते ना भाऊ! गेलेलं लायसन परत भेटते का?"

बाहेरच्या माणसाला हे लवकर कळत नाही. कितीतरी लोक बंदुकीसाठी परवाना ठेवत नाहीत, परवान्यासाठी बंदूक ठेवतात. नवा परवाना मिळणं कठीण, म्हणून जुना जिवंत ठेवायचा, आणि तो जिवंत ठेवायला कपाटात काहीतरी असावं लागतं. बंदूक नको, पण कागद हवा. एखाद्यानं सहजपणे हत्यार देऊन टाकलं की या मंडळींना तो माणूस बंदुकीपेक्षा कागद फेकतोय असं दिसतं आणि ते हळहळतात.

सगळ्यांच्या बोलण्यात एक तारीख हमखास आली, डिसेंबर २०१९. तोपर्यंत एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. त्या महिन्यात शस्त्र कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं मर्यादा दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच म्हटलं होतं, विरोध झाल्यावर दोन झाल्या. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती वर्षभरात, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, जमा करायची होती. ते वर्ष कसं होतं ते सांगायला नको. वडिलोपार्जित बंदुकीलाही तीच मर्यादा, त्यामुळे आजोबांच्या तीन बंदुका एका नातवाकडे एकत्र राहू शकत नाहीत. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, सरकारनं जमा करा म्हटलं, विकत घेतो म्हटलं नाही. त्यांनी दोन ठेवल्या आणि तिसरी धाकट्या भावाच्या परवान्यावर चढवली. याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही आलं. त्याबद्दल मात्र कुणी कुरकुर केली नाही.

विकत घेण्याचा विषय निघालाच आहे तर ऑस्ट्रेलियाचं उदाहरण पाहू. एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे एका माणसानं ३५ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर तिथल्या सरकारनं ठरावीक प्रकारच्या बंदुकांवर बंदी आणली आणि त्या मालकांकडून पैसे देऊन घेतल्या, सुमारे साडेसहा लाख. पैसा उभा करायला आरोग्य विम्याच्या करात एका वर्षापुरती ०.२ टक्क्यांची भर घातली. नको असलेली बंदूक घेऊन या, विचारणार नाही, अशी तीन महिन्यांची मोहीम २०१७ मध्ये पुन्हा झाली, तेव्हाही ५७ हजारांहून जास्त आल्या.

अमेरिकेत असं देशभर काही नाही. एखादं शहर, एखादं चर्च शनिवारी मैदानात टेबलं मांडतं, बंदूक द्या आणि किराणा दुकानाचं गिफ्ट कार्ड घेऊन जा म्हणतं. तिथल्या बंदूकवाल्यांना याचा भारी राग. पहिला आक्षेप शब्दालाच. या मोहिमांना 'बायबॅक' म्हणतात, म्हणजे परत विकत घेणं. सरकारनं विकलीच नव्हती तर परत कसली घेता? दुसरा आक्षेप माझ्या मित्राचाच, की न कळणारी माणसं मोलाची वस्तू भट्टीत घालतात. याला दाखला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात एक बाई वडिलांनी महायुद्धातून आणलेली बंदूक गिफ्ट कार्डासाठी घेऊन आली. ती निघाली जर्मन सैन्याची दुर्मिळ स्टुर्मगेव्हेअर ४४, किंमत हजारो डॉलर. टेबलावरच्या पोलिसांनी ती ओळखली आणि बाईला सांगितलं, ही वितळवू नका, विका. पुढच्याच महिन्यात सिअॅटलमध्ये अशा रांगेच्या कडेला खासगी खरेदीदार रोख पैसे घेऊन उभे राहिले आणि रांगेतल्या लोकांना भाव सांगू लागले. तिथे त्यात बेकायदेशीर काही नव्हतं.

तिसरा आक्षेप असा की गुन्हेगार रांगेत येत नाही, येते ती आजोबांची गंजकी बंदूक. यात तथ्य आहे. अशा शहरी मोहिमांमुळे बंदुकीचे गुन्हे घटल्याचा पुरावा तिथल्या अर्थशास्त्रज्ञांना २०२१ च्या एका अभ्यासात सापडला नाही. न्यू यॉर्क राज्यातल्या युटिकामध्ये २०२२ मध्ये तर एका बहाद्दरानं थ्रीडी प्रिंटरवर भाग छापून आणले आणि २१ हजार डॉलरची कार्डं घेऊन गेला. अॅरिझोना राज्यानं दुसरं टोक गाठलं. पोलिसांकडे आलेल्या बंदुका नष्ट करायच्या नाहीत, विकायच्या, असा कायदाच केला, आणि बंदुका नष्ट करणारं तूसॉन शहर २०१७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरलं.

पण कामठीच्या सुभेदारांचा मुद्दा तिथेही आहेच. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्यामुळे एखादा मित्र खचलेला दिसला तर त्याची हत्यारं काही दिवस आपल्याकडे नेऊन ठेवायची, हे तिथल्या कट्टर बंदूकवाल्यांनाही पटतं. आपल्याकडे हा मार्ग कायद्यानं बंद आहे. मामीच्या घरची बंदूक माझ्या मित्रानं प्रेमापोटी चार दिवस सांभाळली असती तर दोघंही अडकले असते, कारण त्याच्या परवान्यावर तिचा क्रमांक नाही. इथे तात्पुरती सोय हवी तर ठाणं किंवा शस्त्रविक्रेता, तिसरं दार नाही.

आता काय करू नये ते. हे सगळे सल्ले मला मिळालेले आहेत. मामेभावाच्या साल्यानं सुचवलं, नळी आरीनं कापून टाक, खेळणं होईल. आपल्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे बंदूक तर जाईल, वर आखूड नळीचं हत्यार बनवल्याचं बालंट येईल. दुसऱ्या एकानं विहीर दाखवली. विहिरीत टाकली तरी परवान्यावरचा क्रमांक नोंदीत राहतोच, आणि हत्यार कुठे आहे विचारलं तर 'विहिरीत' हे उत्तर चालत नाही. भंगारवाल्याचं तर नावच काढू नका. काडतुसं कचरागाडीत किंवा चुलीत टाकायची नाहीत, ती बंदुकीसोबतच जमा करायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेतो, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणतो आणि मोकळे होतो; मामीला बंदुकीचं तेच करायचं होतं. पण मारबतीचा पंचनामा होत नाही.

कलम ४५ मध्ये एक सूट आहे, तीही लोक आपल्याला हवी तशी वाचतात. जुनाट घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार कायद्याच्या कक्षेत येत नाही, पण ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही चालण्याजोगं उरलेलं नसेल तरच. आपली गंजलेली बंदूक गावातला मिस्त्री दोन दिवसांत चालू करून देणार असेल तर ती मोडकी नाही. हे आपण घरबसल्या ठरवायचंही नाही.

आम्ही जे केलं ते असं. आधी ठाण्यात लेखी अर्ज दिला, मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडून, बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून. बंदूक स्कूटरवर आडवी टाकून आपण होऊन न्यायची नाही, कारण नेणाऱ्याकडेही परवाना नसतो. अर्जातच लिहिलं की ती शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आहे. ठाण्यातल्या हवालदारांनाही ते सोयीचंच होतं, मालखान्यात एक नग कमी. विक्रेत्यानं क्रमांक रजिस्टरमध्ये चढवला, भिंग लावून दोनदा वाचला, तीनचा आठ तर नाही ना म्हणून. पावतीवर काडतुसं अकरा लिहायला लावली. फुगलेली चार त्यानं वेगळ्या डब्यात टाकली, ठेवताना मात्र अंड्यासारखी ठेवली.

किमतीचं विचारलं तर हसला. परवाना असलेल्या शहरी माणसाला आज कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर हवं असतं, कंबरेला मावणारं. चार फुटांची दुनळी घेऊन तो जाणार कुठे? मित्राच्या लेखी जे रत्न, ते दुकानात कोपऱ्यात उभं असतं. विक्री थेटही करता येते, पण कुणाला विकतोय ते नाव-पत्त्यासह अधिकाऱ्यांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या हत्याराची जागा असावी लागते.

मामेभावाला मधेच उमाळा आला, आजोबांची आहे, मीच ठेवतो. वारसानं अर्ज करता येतो; इतर वारसांची ना हरकत, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांची चौकशी, राष्ट्रीय नोंदणीतला युनिक क्रमांक असं सगळं लागतं. त्यात मामांचा परवाना काटोलचा, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाचा. मामेभाऊ राहतो मनीषनगरात, म्हणजे शहरात, तिथे अधिकार पोलीस आयुक्तांचा. दोन्हीकडच्या खिडक्या त्याला पाठ झाल्या आहेत.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट मला शेवटी कळली. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे की धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो जिवंतपणीच वारस सुचवू शकतो आणि परवाना त्या वारसाला मिळू शकतो. मामा अठ्ठ्याहत्तरचे होते आणि बंदूक त्यांच्याकडे चाळीस वर्षं. ते स्वतः सही करायला होते तेव्हा हे काम किती सोपं झालं असतं, याचा हिशेब मामेभाऊ दर फेरीला करतो.

सध्या दुनळी दुकानात आहे, ठेवणावळ चालू आहे, अर्ज आयुक्तालयात आहे. मित्राचा दर पंधरा दिवसांनी फोन येतो, नळीला तेल लावलं का विचार म्हणून. मामीनं एकदाच विचारलं, दसऱ्याला दुकानात जाऊन कुंकू लावता येईल का? विक्रेता म्हणाला, या की, दुकानातल्या सगळ्यांचीच पूजा असते त्या दिवशी.